सशाचे मिटलेले डोळे

पाळलेल्या सशाची दृष्टी गेली तरी घरच्यांच्या ते लवकर लक्षात येत नाही. वास, कान आणि मिशांचा स्पर्श यांवर तो नेहमीच्या जागेत व्यवस्थित वावरतो. पिंजरा हलवला की मग अडखळू लागतो. मोतीबिंदू, काचबिंदू, वाढलेल्या दाताच्या मुळाशी झालेले गळू, डोळ्यात गेलेली गवताची काडी अशी कारणे निघतात. पण ऑस्ट्रेलियात किंवा इंग्लंडमध्ये पापण्या सुजून पूने चिकटलेला ससा आला, तर पशुवैद्याला आधी मिक्सोमॅटोसिसची शंका येते. हा विषाणू तिथला नव्हे. माणसानेच तो तिथे नेला.

१८९६ साली उरुग्वेत माँटेव्हिडिओला सानारेली या शास्त्रज्ञाने प्रयोगासाठी युरोपीय ससे आणले होते. ते अचानक पटापट मेले. दक्षिण अमेरिकेतल्या रानसशांना याच विषाणूने कातडीवर एखादी गाठ येते, फारसे काही होत नाही, हे बऱ्याच वर्षांनी ब्राझीलच्या आराग्वांनी दाखवले. युरोपीय सशाला मात्र त्याची ओळखच नव्हती.

ऑस्ट्रेलियात १८५९ साली टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीसाठी २४ ससे मागवले. त्यांची पिलावळ इतकी माजली, की १८८७ साली न्यू साउथ वेल्स सरकारने उपायासाठी २५,००० पौंडांचे बक्षीस लावले. पाश्चरनेही आपला भाचा पाठवून पाहिला. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. १९१९ साली आराग्वांनी हा विषाणू सुचवला. पुढे पोलिओग्रस्त मुलांवर उपचार करणाऱ्या डॉ. जीन मॅकनामारा यांनी तो विषय लावून धरला. १९५० साली मरे नदीच्या खोऱ्यात तो सोडला गेला. आधी काहीच घडेना. डिसेंबरात डास वाढले आणि साथ भडकली. लागण झालेल्या हजारातले दोन ससे जेमतेम वाचत.

त्याच सुमारास त्या भागात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. लोकांचा संशय साहजिकच होता. १९५१ साली बर्नेट, फेनर आणि क्लूनीस रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. त्यांना काही झाले नाही.

फ्रँक फेनर यांनी पुढे जे मोजले, ते वर्गात सांगण्याजोगे आहे. हा विषाणू डासाच्या शरीरात वाढत नाही. नुसता त्याच्या सोंडेला चिकटून जातो. तो चिकटतो कुठून? सुजलेल्या पापण्यांवरून, कानांवरच्या गाठींवरून. म्हणजे आपण ज्याला लक्षण म्हणतो, तीच विषाणूची बाहेर पडायची वाट. ससा दोन आठवड्यांच्या आत मेला तर ती लवकर बंद होते. रोग अगदी सौम्य असला तर गाठीत विषाणूच थोडा. म्हणून काही वर्षांत मधल्या जातीचा विषाणू पसरला: शंभरातले ७० ते ९५ ससे मारणारा, पण त्यासाठी तीन-चार आठवडे घेणारा. ससेही बदलले. न्यू साउथ वेल्समधल्या युराना तळ्याकाठच्या सशांत ज्या विषाणूने सुरुवातीला शंभरातले ९० मरत, त्यानेच सात साथींनंतर सुमारे २५ मरू लागले.

‘रोगजंतू हळूहळू सौम्य होतातच’ असे कोरोनाच्या काळात पुष्कळांनी ऐकवले. या कथेतून तसे निघत नाही. ससे प्रतिकार करू लागल्यावर विषाणूच्या जाती पुन्हा अधिक घातक झाल्या.

युरोपातली गोष्ट निराळी. १९५२ साली आर्मां-देलील या निवृत्त फ्रेंच डॉक्टरने आपल्या मळ्यातल्या दोन सशांना विषाणू टोचला. मळ्याला भिंत होती, तेवढ्यावर त्यांची भिस्त. दोन-तीन वर्षांत फ्रान्समधले बहुतेक रानससे मेले. गरिबांनी मांसासाठी पाळलेलेही खूप गेले. १९५५ साली डॉक्टरांना दंड झाला, आणि १९५६ साली पिके वाचवल्याबद्दल पदकही मिळाले! इंग्लंडात रोग १९५३ साली पोहोचला. तिथे डासांपेक्षा पिसवांनी तो जास्त पसरवला.

आज इंग्लंडात पाळीव सशाला लस टोचून घेता येते. ऑस्ट्रेलियात मात्र ती देता येत नाही. जिवंत विषाणूची लस रानात पसरली तर शेतीचे शत्रू ठरलेले ससेही बचावतील, ही तिथल्या सरकारची भीती. त्यामुळे तिथे ससा पाळणाऱ्याला पिंजऱ्याला बारीक जाळी लावावी लागते, पिसवांचे औषध घालावे लागते आणि संध्याकाळी डास निघायच्या आत ससा घरात घ्यावा लागतो.