कुलाबा संस्थानातील दत्तकाचा प्रश्न (१८३८–१८४०)

दत्तक-नामंजुरीचा विषय निघाला की विवेचनाचा आरंभ बहुधा साताऱ्यापासून (१८४८) होतो आणि सारा दोष लॉर्ड डलहौसीच्या माथी मारला जातो. वस्तुतः डलहौसी हिंदुस्थानात येण्यापूर्वी आठ वर्षे या धोरणाचा प्रयोग अलिबागच्या आंग्र्यांवर झाला होता.

पेशवाईच्या अस्तानंतर १८२२ च्या तहाने आंग्र्यांवरील पेशव्यांचे वर्चस्व कंपनीकडे गेले. डिसेंबर १८३८ मध्ये दुसरे राघोजी आंग्रे निवर्तले. त्यांच्या पश्चात जन्मलेला पुत्र कान्होजी १८३९ मध्येच दगावला. राणीवशाकडून दत्तकाची परवानगी मागण्यात आली. ती नाकारून १८४० मध्ये संस्थान खालसा झाले.

‘व्यवहारमयूख’ मानणाऱ्या पश्चिम भारतात, पती विभक्त असल्यास, त्याची स्पष्ट अनुज्ञा नसतानाही विधवेस दत्तक घेता येत असे. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही पुढे ही परंपरा मान्य केली. म्हणजे सामान्य घरातील विधवेला जे शक्य होते, ते गादीच्या बाबतीत आंग्र्यांच्या राणीला नव्हते. संचालक मंडळाने १८३४ मध्येच संस्थानिकांच्या दत्तकास मंजुरी देणे ही मेहेरबानी ठरविली होती, हक्क नव्हे. न्याय्य मार्गाने मिळणारा मुलूख वा महसूल सोडू नये, हे सूत्र १८४१ मध्ये कुलाब्याच्याच संदर्भात नोंदले गेले आणि साताऱ्याच्या वेळी डलहौसीने त्याचाच आधार घेतला. लॉर्ड कॅनिंगने १८६२ मध्ये दत्तकाच्या सनदा दिल्या, तेव्हा आंग्र्यांचे राज्य उरलेच नव्हते.

या साऱ्या वादात दत्तक जाणारे मूल मात्र कोठेच दिसत नाही. राजघराण्याला गादी आणि पिंड यांसाठी वारस हवा होता, कंपनीला महसूल. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेणे शक्य झाले आणि स्त्रीला स्वतःच्या नावे दत्तक घेता येऊ लागले. तरीही तो मुख्यतः दोन कुटुंबांमधील व्यवहार होता. निराधार बालकाचे हित केंद्रस्थानी आले ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे निकालापासून व पुढे बालन्याय कायद्यांतून. २०१५ च्या कायद्यानुसार अनाथ वा परित्यक्त बालक दत्तकयोग्य असल्याचे बालकल्याण समिती जाहीर करते. त्यानंतरच मान्यताप्राप्त दत्तक संस्थेमार्फत पुढील प्रक्रिया होते. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यास दिला. १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळालेल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात त्या अधिकाऱ्याचे कार्यालय अलिबागलाच आहे.