नायट्रिक ऑक्साइड आणि दम्यातील 'फेनो' तपासणी

दम्यासाठी 'फेनो' तपासणी केली, रिपोर्टवर '५२ पीपीबी' असा आकडा आला आणि 'नायट्रिक ऑक्साइड वाढलेले' हे वाचून तुम्ही घाबरलात का? मग आधी हे लक्षात घ्या: हा वायू बाहेरून आलेले विष नाही. तो तुमच्याच पेशी तयार करतात.

शरीरात त्याचे काम काय?

आर्जिनिन या अमिनो आम्लापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तो सतत, थोड्या प्रमाणात तयार होतो आणि वाहिन्या सैल ठेवतो. या कार्याचा शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

संसर्ग किंवा दाह झाला की काही पेशी वेगळ्या एन्झाइमच्या मदतीने हाच वायू खूप जास्त प्रमाणात बनवतात. तो जंतूंची प्रथिने आणि डीएनए यांची हानी करतो.

जास्त झाला तर?

जंतूंना मारणारा हा वायू आपल्या पेशींनाही इजा करू शकतो. सेप्सिसमध्ये तो प्रमाणाबाहेर तयार होतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब कोसळतो. मग तो पूर्ण बंदच का करू नये? सेप्टिक शॉकच्या रुग्णांवर तसे औषध वापरून पाहिले गेले, पण मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. थोडा नायट्रिक ऑक्साइड शरीराला हवाच असतो.

फेनोचा आकडा काय सांगतो?

ॲलर्जीच्या प्रकारच्या दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते आणि त्यांच्या अस्तरातून हा वायू जास्त सुटतो. यंत्रात सुमारे १० सेकंद एकसारखा श्वास सोडला की तो मोजता येतो. सुई टोचावी लागत नाही.

- मोठ्यांमध्ये २५ पेक्षा कमी: अशी सूज असण्याची शक्यता कमी
- २५ ते ५०: लक्षणांसोबत विचार करावा लागतो
- ५० पेक्षा जास्त: सूज असण्याची आणि स्टेरॉइडच्या पंपाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त

लहान मुलांसाठी हे आकडे २० आणि ३५ असे आहेत.

सर्दीसारखा संसर्ग, नाकाची ॲलर्जी किंवा पालक-बीट खाणे यांमुळे आकडा वाढू शकतो. धूम्रपानामुळे तो कमी येतो. म्हणून तपासणीपूर्वी हे सगळे डॉक्टरांना सांगा.

पंप स्वतःहून बंद करू नका

उपचारानंतर आकडा खाली आला, म्हणजे दमा गेला असे नाही. औषध काम करत आहे असा त्याचा अर्थ असू शकतो. पंप मध्येच थांबवला तर सूज परत येऊ शकते.

आणि आकडा कितीही असो, धाप लागून वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.