भाड्याचे यंत्र

संग्रामपूरच्या बाजूच्या कापूसवाल्याला भाड्याचे यंत्र म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. कापूस आपला, यंत्र दुसऱ्याचे. जिनात सरकी निघायची, प्रेसमध्ये गाठ बांधली जायची आणि त्याचा दर मोजायचा. खामगावच्या कापूसपेठेचा बोलबाला एवढा की १८७० मध्ये जलंबहून खास तिच्यासाठी आगगाडीचा फाटा काढला गेला. जिनवाल्याचा खर्च दोन जातींचा असे. यंत्र एकदा बसले की बसले. पण बॉयलरचा कोळसा, मजुरी, तेलपाणी हे काम वाढेल तसे वाढत जाई. हिशेबनीस या दुसऱ्याला बदलता खर्च म्हणतात.

आज संग्रामपूरचा शेतकरी १५ रुपये भरून सातबारा फोनवर घेतो, तेव्हा तोही दूरच्या कुठल्याशा यंत्रघरातून येतो. अशी यंत्रे भाड्याने देण्याच्या धंद्याला ‘क्लाउड’ म्हणतात. नाव ढगाचे, पण सारा कारभार लोखंडाचा आणि विजेचा!

कल्पना मात्र नवी नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला. बाहेरच्या संस्थाही आपली गणिते भोकांच्या पत्त्यांवर उतरवून त्याच्याकडून सोडवून घेत. २००६ मध्ये अमेरिकेच्या ॲमेझॉनने हाच व्यवहार जगाच्या बाजारात मांडला. एक गिगाबाइट माहिती महिनाभर सांभाळायला १५ सेंट. दहा वर्षांत हा दर अडीच सेंटांच्या आत उतरला. यंत्रे दरसाल स्वस्त होत होती. गिऱ्हाइकाला वाटले, आता हे असेच चालायचे.

मग नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेने पारडे फिरवले. तिच्यासाठी वापरली जाणारी एच१०० ही एकच चकती ७०० वॉटपर्यंत वीज खाते. म्हणजे जवळजवळ एक अश्वशक्तीचा पंप! २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ७२ चिपांच्या एका कपाटाला १२० किलोवॉटच्या आसपास वीज लागते. आपल्या पाच अश्वशक्तीच्या पंपांच्या भाषेत तीसेक पंप, तेही रात्रंदिवस. शिवाय ही यंत्रे तापतात, म्हणून त्यांना गार ठेवायची वीज निराळी. २०२५ च्या अखेरीस स्मृतिचिपांचे भाव जगभर भडकले, आणि २००६ मध्ये ४५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर त्याच सुमारास नव्वदीपार गेला. माल परदेशचा, तेव्हा हा फरकही आपल्याच माथी.

यात खरा चेंगरतो तो मधला माणूस. पुण्यातला एखादा लहान धंदेवाईक दुकानदारांसाठी हिशेबाची सोय क्लाउडवर चालवतो. गिऱ्हाइकाकडून वर्षाची वर्गणी ठरलेल्या रुपयांत घेतो; त्याला बिल मात्र वापरागणिक येते. गिऱ्हाईक वाढले म्हणून पेढे वाटावेत, तर महिनाअखेर बिलही वाढलेले. मोठा गिऱ्हाईक तीन वर्षांचा करार करून सवलत पदरात पाडतो. याच्याजवळ तेवढी पुंजी कुठली?

काहींनी हिशेब मांडून बाड-बिस्तरा हलवला. अमेरिकेतील ३७सिग्नल्स या कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचे ठरवून स्वतःची यंत्रे विकत घेतली. आपल्याकडच्या कापूसवाल्यांनीही जिनाच्या दरापायी एकत्र येऊन सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्था काढल्या होत्याच. कोळशाचा खर्च त्यांनाही चुकला नाही. फक्त तो वहीत आपल्या डोळ्यांसमोर पडू लागला.