मोहल्ल्याची तिजोरी : उस्मानी शहरांतील अवारिज वक्फ

वक्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मशीद, दर्गा, कब्रस्तान किंवा एखादी इनाम जमीन उभी राहते. परंतु शेजारच्या गरिबाचा थकलेला कर भरण्यासाठी, आजाऱ्याचे घर चालविण्यासाठी किंवा लावारिस मयतीच्या कफनासाठीही वक्फ केला जात असे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तुर्कस्तानच्या उस्मानी राजवटीत इस्तंबूल, बुर्सा यांसारख्या शहरांच्या मोहल्ल्यांत असे निधी शेकडो वर्षे चालले. वाचकहो, त्यांची हकीकत आपण सर्वांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

‘अवारिज’ हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही. उर्दूत आजाराला ‘आरिजा’ म्हणतात, त्याचेच हे अनेकवचन. अचानक ओढवणाऱ्या गोष्टी, असा त्याचा अर्थ. उस्मानी सरकार लढाईच्या वेळी रयतेवर जो जादा कर बसवी, त्याला हे नाव पडले. प्रारंभी हा कर प्रसंगोपात्त होता. 17 व्या शतकात तो जवळजवळ दरसालचा होऊन बसला. त्याची आकारणी एकेका माणसावर नसून काही घरे मिळून एक ‘कर-घर’ धरले जाई आणि त्या घरांनी ती रक्कम एकत्र भरावयाची असे. अर्थात एखादी विधवा किंवा हातावर पोट असलेला कारागीर आपला हिस्सा देऊ शकला नाही, तर तो बोजा शेजाऱ्यांवर पडे. गरिबाची अडचण अशा रीतीने साऱ्या मोहल्ल्याची अडचण बनली.

यावर लोकांनी जो उपाय काढला, तो म्हणजे अवारिज वक्फ. कोणी एखादे दुकान किंवा घर वक्फ करी व त्याचे भाडे निधीत येई. कोणी रोख रक्कम देई. ती ऐपतदार जामीन किंवा भक्कम तारण घेऊन कर्जाऊ दिली जाई. त्यावरील उत्पन्न साधारणतः शेकडा 10 ते 15 असे. समजा, निधीत 10,000 अक्चे (त्या काळचे चांदीचे नाणे) आहेत, तर शेकडा 10 प्रमाणे वर्षाला 1,000 अक्चे हाती येत आणि मुद्दल शाबूत राही. या उत्पन्नातून गरीब घरांचा कर भरला जाई. उरलेल्या पैशांतून आजारी व काम करू न शकणाऱ्यांना मदत, अनाथ मुलींची लग्ने, गरिबांचे दफन, तसेच मोहल्ल्यातील पाण्याच्या नळांची दुरुस्ती होई. निधीची व्यवस्था मुतवल्लीकडे असे. मशिदीच्या इमामाचा त्यात हात असे आणि हिशेब काझीसमोर तपासला जाई. ख्रिस्ती वस्त्यांतूनही असे निधी उभे राहिले होते.

हे काम केवळ अमीर-उमरावांचे होते असे समजू नका. 1546 साली इस्तंबूलमधील वक्फांची जी नोंदवही तयार झाली, तीत अडीच हजारांच्या आसपास वक्फ आहेत. त्यांपैकी हजाराहून अधिक रोख पैशांचे आहेत आणि एकूण वक्फांपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनी केलेले आहेत. ज्यांच्यापाशी जमीनजुमला नव्हता, अशांनाही रोख रकमेमुळे दानाची वाट मोकळी झाली होती.

परंतु या पैशांवरील उत्पन्न म्हणजे व्याजच नव्हे काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्या काळच्या उलेमांनाही तो पडला होता. चिवीजादे यांनी रोख वक्फांना कडाडून विरोध केला आणि 1545 च्या सुमारास त्यांवर बंदी आणविली. त्यावर सोफिया शहरचे सूफी बाली एफंदी यांनी सुलतानाला लिहिले, की या निधींवर चालणाऱ्या धर्मकार्यांचे त्यामुळे अतोनात नुकसान होईल. शेखुलइस्लाम अबुस्सुऊद एफंदी यांनी इमाम जुफर यांच्या मताचा व रूढ प्रघाताचा आधार घेऊन रोख वक्फ ग्राह्य ठरविला आणि 1548 साली बंदी उठली. तरीही बिर्गिवी (मृत्यू 1573) यांच्यासारख्या विद्वानांनी विरोध सोडला नाही. दोन्ही बाजूंची माणसे विद्वान व प्रामाणिक होती. एका बाजूला शरियतच्या हुकुमाची चिंता होती, तर दुसऱ्या बाजूला गरिबाच्या चुलीची.

या निधींत दोषही होते. काही मुतवल्ली स्वतःच कर्ज घेत आणि तोच पैसा पुढे जास्त दराने सराफांना देत. 1585-86 मध्ये अक्चेतील चांदी सरकारने जवळजवळ निम्म्याने घटविली, तेव्हा रोख रकमांची किंमतही तशीच घसरली. ज्या निधींत पुढच्या पिढ्या भर घालीत राहिल्या, त्यांना अशा आघातांतून तरून जाणे सोपे गेले. जे पूर्वजांच्या पुण्याईवरच विसंबले, ते हळूहळू आटत गेले. 1839 पासून सुरू झालेल्या सुधारणांच्या काळात अवारिज कर रद्द झाला, तरी निधी लगेच बंद पडले नाहीत. त्यांचा पैसा मोहल्ल्याच्या इतर कामांकडे वळला. पुढे तुर्कस्तानात 1954 साली ‘वकिफलार बँक’ स्थापन झाली, तिच्या भांडवलात जुन्या वक्फांचा पैसा होता.

पालकहो, आज अवारिज कर नाही. परंतु अचानक ओढवणारी संकटे संपलेली नाहीत. घरभाडे थकते, विजेचे बिल भरायचे राहते, कमावता माणूस आजारी पडतो आणि पहिला घाव पडतो तो मुलाच्या शाळेवर. मुलाची फी भरून द्यावी, पण घरात दिवा नसेल तर त्याने अभ्यास कोठे करावा? उस्मानी मोहल्ल्यांनी हे ओळखले होते, की घर सावरले तरच घरातील माणूस सावरतो. म्हणून त्यांनी मदत मागणाऱ्याच्या हात पसरण्यावर सोडली नाही. तिची तरतूद आधीच करून ठेवली, तिला लेखी नियम घालून दिला आणि हिशेबाला वरिष्ठ नजर ठेवली.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या मोहल्ल्यात किंवा जमातीत असा काही निधी आहे काय, त्याचा हिशेब सर्वांसमोर वाचला जातो काय, याची वडीलधाऱ्यांकडे अदबीने चौकशी करा. नसेल, तर एक वही आणि चार विश्वासू माणसे एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. आणि उद्या तुम्ही कमावते व्हाल, तेव्हा त्या वहीत आपलीही एक ओळ असू द्या.