पल्ला गाडीचा की वाटेचा?

पुण्याहून नृसिंहवाडी, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातली नरसोबाची वाडी, सुमारे २५० किलोमीटरवर आहे. जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सची विजेवर चालणारी नेक्सॉन बाजारात आली, तेव्हा तिचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर असल्याचे सांगितले गेले. या हिशेबाने पुण्यात पूर्ण चार्ज केलेली गाडी वाडीला पोहोचून वर साठ किलोमीटर शिल्लक राहायला हवेत. पण चार माणसे आणि सामान घेऊन महामार्गाच्या वेगाने निघालेल्या त्या गाडीला कराड ओलांडता ओलांडता चार्जिंगची जागा शोधावी लागते. ३१२ हा आकडा खोटा नव्हता. मग उरलेले किलोमीटर गेले कुठे? याचे उत्तर शोधायला आपल्याला सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

'पल्ला' हा शब्द आपण बेधडक गाडीला चिकटवतो. जुन्या मराठीत त्याच्या जवळचा शब्द होता 'मजल'. एका दिवसात जेवढी वाट होईल ती मजल. ती बैलाच्या किंवा घोड्याच्या अंगचा गुण म्हणून कोणी सांगत नसे. ओझे किती, चढ किती, चिखल किती, वाटेत पाणी कुठे, यावर मजल ठरायची. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाल्यावर वाडीच्या यात्रेकरूंची मोठी मजल संपली. आगगाडीतून उतरायचे आणि पुढचे थोडे अंतर टांग्याने नाही तर बैलगाडीने काटायचे. पुढे १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम आली. तिला पल्ल्याची चिंताच नव्हती, कारण तिची वीज डोक्यावरच्या तारेतून येत होती. वीज सोबत बांधून न्यायची म्हटली की मात्र सगळा प्रश्न बदलतो.

ती सोबत नेण्याची सोय गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली. शिसे आणि आम्लाची, पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी त्याने बनवली. कामीय फोर याने १८८१ मध्ये तिच्यात सुधारणा केल्यावर ती वाहनात बसवण्याजोगी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेच्या मोटारी खूप चालत. त्यांपैकी डेट्रॉइट इलेक्ट्रिक या गाडीचा जाहिरातीतला पल्ला होता सुमारे १३० किलोमीटर. याच गाडीने एका चाचणीत एका चार्जवर ३४० किलोमीटर गाठले होते. एकच गाडी, आकडे दोन! तिचा कमाल वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास होता हे लक्षात घेतले, की या मोठ्या आकड्याचे निम्मे रहस्य उलगडते.

उरलेले रहस्य बॅटरीत होते. पॉइकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये दाखवून दिले की शिशाच्या बॅटरीतून वीज जितक्या घाईने काढावी, तितकी ती एकूण कमी मिळते. हळू पिळला तर जास्त रस निघावा, तसा हा प्रकार. जोरात हाकणाऱ्याला त्यामुळे दुहेरी भुर्दंड पडे. दर किलोमीटरला वीज जास्त लागे, आणि बॅटरी देई कमी.

पेट्रोलने बाजी मारली ती साठवणीच्या जोरावर. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलेच, एक किलोवॅट-तास.) नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटची होती. म्हणजे साडेतीन लिटरसुद्धा पेट्रोल नाही! विजेची मोटर आपल्या वाट्याची बहुतेक ऊर्जा चाकापर्यंत पोहोचवते, आणि पेट्रोलचे इंजिन पाऊण हिस्सा उष्णतेत घालवते, म्हणून ही लढत होऊ तरी शकते. पण या उधळेपणाचा एक फायदा आहे, आणि तो सहसा ध्यानात येत नाही. ज्याची टाकी मोठी त्याला वारा, चढ, वेग यांचा हिशेब ठेवावा लागत नाही. साडेतीन लिटरवाल्याला ठेवावाच लागतो.

आपल्याकडे महिंद्रची 'बिजली' ही तीनचाकी १९९९ साली आली आणि बंगळूरची 'रेवा' २००१ साली. दोन्ही शिशाच्या बॅटरीवर चालत. रेवाचा पल्ला सुमारे ८० किलोमीटरचा होता. कोल्हापूरहून वाडीला जाऊन परत येणे म्हणजे शंभराच्या आसपास, तेव्हा तिथल्या माणसाने रेवा घेतली असती तर दर्शन झाले असते, घरी परतणे मात्र वाडीतल्या एखाद्या विजेच्या खटक्याच्या कृपेवर राहिले असते.

आता पुण्याला परत येऊ. ३१२ हा आकडा ज्या पद्धतीतून येतो, तिचे माहेर पुण्यातच आहे. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर ज्या टेकडीला 'एआरएआय टेकडी' म्हणतात, तिथलीच ही. चाचणीत गाडी रस्त्यावर नेत नाहीत. ती रुळांवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे तिचा वेग वाढवतात, कमी करतात. या वेळापत्रकाला 'चालनचक्र' म्हणू. आपले जुने भारतीय चालनचक्र १०८ सेकंदांचे होते. त्यात कमाल वेग ताशी ४२ आणि सरासरी ताशी २२ किलोमीटर. तेव्हाच्या शहरी रहदारीचे ते बऱ्यापैकी चित्र होते. त्यानंतरच्या सुधारित चक्रात कमाल वेग ९० झाला, पण सरासरी बत्तीसच राहिली. शिवाय वातानुकूलन बंद. डेट्रॉइटच्या त्या चाचणीशी याचे नाते चटकन दिसेल.

वेगाला इतके महत्त्व का? आठवी-नववीच्या गणितात बसणारा हिशेब आहे, वर्गात जरूर करून घ्यावा. माणसांसह १,७०० किलोची गाडी धरू. टायरच्या घर्षणाचा विरोध वजनाच्या एक टक्का धरला तर सुमारे १७० न्यूटन. वेग वाढला म्हणून तो फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. अशा आकाराच्या गाडीला ताशी ६० ला तो सुमारे १३० न्यूटन, तर ताशी १०० ला सुमारे ३५५. म्हणजे एकूण विरोध अनुक्रमे ३०० आणि ५२५ न्यूटन. एक किलोमीटर जायला ३ लाख किंवा सव्वापाच लाख ज्यूल लागतील. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्यात मोटरमधली वगैरे १५ टक्के घट धरली तर दर किलोमीटरला ०.१० किंवा ०.१७ युनिट. तीस युनिटांत पहिली गाडी ३०० किलोमीटर जाईल, दुसरी १७५. हरवलेले किलोमीटर हे असे वाऱ्यावर गेले! पुण्याहून कराड १६० किलोमीटर आहे, हे इथे आठवावे.

वातानुकूलनाची गंमत उलटी आहे. ते तासावर वीज खाते, किलोमीटरवर नाही. तासाला एक युनिट धरले तर ताशी ६० च्या वेगात खर्च सहाव्या हिश्शाने वाढतो. पण कात्रजच्या कोंडीत ताशी २० ने रांगणाऱ्या गाडीला तेच वातानुकूलन दर किलोमीटरला तिप्पट महाग पडते. घाटाचे म्हणाल तर दर शंभर मीटर चढाला जवळजवळ अर्धे युनिट जाते. सपाटीवर तेवढ्यात पाच किलोमीटर झाले असते. उतरताना मोटर जनित्राचे काम करते आणि त्यातले बरेचसे परत मिळते, सगळे नाही. पुणे आणि वाडी यांच्या उंचीत फारसा फरक नाही, म्हणून खंबाटकीचा चढ फुकटात गेला असे कोणी समजू नये. गाडीतला 'उरलेले अंतर' दाखवणारा आकडा घाटात झरझर उतरतो तो त्यामुळेच. तो आकडा मागच्या वाटेवरून पुढच्या वाटेचा अंदाज करत असतो, आणि पुढे काय आहे हे त्याला ठाऊक नसते.

अलीकडे आकडे सांगणारेही सावध झाले आहेत. टाटा मोटर्सने २०२४ पासून प्रमाणित पल्ल्याच्या शेजारी, शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना प्रत्यक्ष मिळावा असा वेगळा पल्ला सांगायला सुरुवात केली. ४५ युनिटच्या नेक्सॉनचे हे दोन आकडे ४८९ आणि साधारण ३५० असे आहेत. एसटीचे काम यापेक्षा सोपे. १ जून १९४८ ला पहिली एसटी ज्या पुणे-अहमदनगर (आता अहिल्यानगर) वाटेवर धावली, त्याच वाटेवर १ जून २०२२ ला तिची विजेची 'शिवाई' निघाली. वाट ठरलेली, थांबे ठरलेले. मजल आधी, बॅटरी मागून.

वाडीच्या वाटेचे मात्र तसे नाही. कृष्णेचे पाणी चढून मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्याला लोक मुद्दाम वाडी गाठतात. हे दिवस भर पावसाचे. टायरला रस्त्यावरचे पाणी बाजूला सारत जावे लागते, काच धुरकटू नये म्हणून वातानुकूलन लागते, आणि रस्ता नक्की कोणता उघडा असेल ते सांगता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक अनेक दिवस बंद राहिली. शिरोळ तालुक्यातली गावे पाण्यात होती, अनेक ठिकाणी वीज नव्हती. २०२१ च्या जुलैत महामार्ग पुन्हा बंद पडला. अशा दिवसांत वाडीला निघणाऱ्याने वरचा हिशेब ०.१० ने करावा की ०.१७ ने, आणि वळसा किती किलोमीटरचा धरावा, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून पाहावा. शिरोळ-मिरजेकडच्या मुलांना पाणी कोणत्या रस्त्यावर आधी येते हे आपल्यापेक्षा चांगले माहीत असते.