वाळीत टाकलेल्या घराची नोंद

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंदापूरहून अकलूजला जाताना वाटेत बावडा लागते. नीरा नदी इथून जवळच. थोडे पुढे नीरा-नरसिंहपूरला ती भीमेला मिळते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आठवड्याचा बाजार, शाळा, एस.टी. थांबा. इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या कुठल्याही मोठ्या गावासारखे हे गाव आहे. नवख्या माणसाने मुद्दाम थांबून पाहावे असे तिथे काही दिसत नाही.

पण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात बावड्याचे नाव वारंवार येते. साधारणपणे ते एकाच ओळीत येते. १९७२ साली पुणे जिल्ह्यातील बावडा येथे दलितांवर गावाने बहिष्कार टाकला, परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली, आणि अशा घटनांनी संतापलेल्या तरुणांनी २९ मे १९७२ रोजी मुंबईत दलित पँथरची स्थापना केली. ओळ इथे संपते आणि पुढची पाने मुंबईकडे वळतात. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही नावे येतात, मोर्चे येतात, कविता येतात. बावडा मागेच राहते.

ही ओळ खोटी नाही. पण ती वाचताना माझ्या मनात एक साधा प्रश्न येतो. बहिष्कार पडला म्हणजे त्या घरांत नेमके काय झाले? दळण कुठे गेले? मीठ कुणी दिले? सकाळी कामाला निघालेला माणूस कुठे गेला? इतिहासाने या प्रश्नांची नोंद कशी ठेवली, किंवा का ठेवली नाही, याविषयी आज बोलायचे आहे.

मारहाण झाली तर जखम दिसते. घर जाळले तर राख उरते. पोलीस येतात, पंचनामा होतो, डॉक्टरांचा दाखला मिळतो. बहिष्काराचे तसे नसते. हवालदार गावात आला तर घर जागच्या जागी असते, भांडी शाबूत असतात. दुकानदार म्हणतो, माल संपला होता. शेतमालक म्हणतो, यंदा मजुरांची गरज नाही. शेजारी म्हणतो, आम्ही काहीच केले नाही. आणि गंमत अशी, की तो खरे बोलत असतो. काहीच न करणे हेच तर इथले हत्यार आहे. वाळीत टाकणे या शब्दातच ते आहे. माणसाला मारायचे नाही, फक्त तो नाही असे समजून वागायचे.

हे हत्यार एवढे धारदार का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बलुतेदारीच्या व्यवस्थेत गाव आणि महारवाडा एकमेकांना बांधलेले होते. निरोप पोचवणे, सरकारी कामाला हजर राहणे, हद्दी दाखवणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे महारांकडे होती आणि त्या बदल्यात वतनाची जमीन व बलुते मिळे. हा व्यवहार अपमानाचा होता आणि बेभरवशाचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा सुचवणारे विधेयक मांडले, ते याच गुलामीतून सुटका व्हावी म्हणून. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगावच्या लोकांनी ही कामे सोडली आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली.

माणूस वतनातून सुटला, पण जमीन बहुतेकांकडे नव्हती. नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या शिवारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खेळत होते. पुढे साखर कारखाने उभे राहिले. पाणी आले तशी मजुरीही आली. पण ती मजुरी ज्याच्या शेतावर मिळे, त्याच्याच हातात गावची सत्ता असे. दुकान, विहीर आणि पायवाट यांवरही त्याचाच शब्द चाले. मानाने जगण्याचा हक्क मागणारा माणूस आणि त्याला रोजगार देणारा माणूस एकाच गावात समोरासमोर राहत होते. बहिष्काराची ताकद इथून येते.

बहिष्काराची पहिली पद्धतशीर सरकारी नोंद आपल्याच प्रांतात झाली. मुंबई सरकारने १९२८ साली ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करणारी एक समिती नेमली. डॉ. आंबेडकर आणि डॉ. पी. जी. सोळंकी हे तिचे सभासद होते. १९३० साली तिचा अहवाल आला. अस्पृश्यांनी आपले हक्क बजावायला सुरुवात केली की स्पृश्य समाज बहिष्काराचे अस्त्र उपसतो, हे समितीने स्पष्टपणे लिहिले. कामावरून काढणे, वाटेने जाऊ न देणे, वाण्याने माल न देणे, असे त्याचे प्रकारही नोंदले. कारणे काय, तर चांगले कपडे घातले, जमीन विकत घेतली, नवरदेवाला घोड्यावर बसवून रस्त्याने नेले.

या नोंदीचा उपयोग काय झाला? त्याच वर्षी लंडनला गोलमेज परिषद भरली. तिथे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी ज्या संरक्षक तरतुदी मागितल्या, त्यांत बहिष्कार हा गुन्हा ठरवावा ही एक मागणी होती. तिच्या समर्थनासाठी त्यांनी स्टार्ट समितीचा दाखला दिला. कलमांचा मसुदा त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला होता. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. गावातल्या वाण्याने मीठ नाकारले, ही गोष्ट समितीच्या कागदावर आली म्हणून ती लंडनच्या मेजापर्यंत पोचली. चौकशीचे महत्त्व यात आहे. १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनातही बाबासाहेबांनी ही मागणी पुन्हा मांडली. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, पण बहिष्कार हा शब्द त्या कलमात आला नाही.

तो आला १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात. मात्र एका अटीसह. अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळे मिळालेला हक्क एखाद्याने बजावला आणि त्या कारणावरून त्याच्यावर बहिष्कार टाकला, असे सिद्ध झाले तर गुन्हा. म्हणजे बहिष्कार दाखवायचा आणि त्यामागचे कारणही दाखवायचे. ज्याला गावात साक्षीदार मिळणेच मुश्कील, त्याच्यावर हा दुहेरी बोजा.

कायदा झाल्यावर दहा वर्षांनी, १९६५ साली, केंद्र सरकारने तमिळनाडूचे नेते एल. इलयापेरुमल यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतेच्या प्रश्नावर समिती नेमली. १९६९ साली तिने अहवाल दिला आणि १९७० साली तो संसदेपुढे आला. देशभरातल्या अन्यायाच्या हकिगतींनी भरलेला हा अहवाल वृत्तपत्रांतून लोकांपर्यंत पोचला. मुंबईतल्या शिकलेल्या दलित तरुणांच्या मनात तो अहवाल ताजा होता आणि त्याच वेळी बावड्याची बातमी आली. बहिष्कारामागे राज्याच्या एका मंत्र्याच्या भावाचा हात असल्याचा आरोप तेव्हा जाहीरपणे झाला. कायदा राबवणारे सरकार आणि गावातली सत्ता यांच्यात अंतर उरलेले नाही, असे त्या तरुणांना वाटले. त्यांचा संताप समजून घ्यायचा तर अहवाल आणि बातमी या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट एकत्र ठेवायला हवी, ती म्हणजे दुष्काळ. १९७२ हे महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचे वर्ष. सधन घराला दुष्काळात उधारी मिळते, कणगीत काही शिल्लक असते. रोजच्या मजुरीवर चूल पेटणाऱ्या घराचे तसे नसते. अशा वर्षी काम बंद करणे म्हणजे काय, याची कल्पना करायला आकडेवारी लागत नाही.

याच दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. तिच्याकडे आपण दुष्काळ निवारणाची योजना म्हणून पाहतो. मला तिची दुसरीही बाजू महत्त्वाची वाटते. गावच्या शेतमालकाखेरीज मजुरी देणारा दुसरा कोणी तरी उभा राहिला की बहिष्काराची धार कमी होते. खडी फोडण्याचे काम कष्टाचे खरे, पण त्यासाठी पाटलाच्या दारी जावे लागत नाही. शाळा, नोकरी, शहराकडे जाणारी एस.टी. यांनीही हेच केले.

पुढे कायदेही आले. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ सालीच एक कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ साली रद्द ठरवला. नंतर बराच काळ ही जागा रिकामी होती. २०१३ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली, वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या हकिगती उजेडात आणल्या. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. दलित-आदिवासी अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून २०१६ पासून स्पष्ट शब्दांत आला. स्टार्ट समितीच्या अहवालापासून मोजले तर मध्ये ८६ वर्षे गेली.

कायदा आला तरी पुराव्याचा प्रश्न उरतोच. इथे समाजशास्त्रज्ञांची पद्धत उपयोगी पडते. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी केली आणि २००६ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तुमच्या गावात अस्पृश्यता आहे का, असा ढोबळ प्रश्न विचारून भागत नाही. त्याला नाही हेच उत्तर मिळते. म्हणून त्यांनी एकेका जागेचा वेगळा विचार केला. पाणवठा, दुकान, चहाची टपरी, न्हावी, शाळा, पोस्ट, दूध डेअरी. असे विचारल्यावर चित्र उलगडत गेले. जवळजवळ निम्म्या गावांत दलितांना पाणवठ्यावर मज्जाव असल्याचे आढळले.

मला वाटते, बहिष्काराची चौकशी याहूनही घरात शिरून करायला हवी. ओसरीवर बसून घरच्या कर्त्या पुरुषाला विचारले तर तो मानापानाचे सांगेल, राजकारणाचे सांगेल. तेही हवेच. पण चूल सांभाळणाऱ्या बाईला विचारावे, मागच्या आठवड्यात मीठ कुठून आणले, पाणी किती लांबून आणले, पोराला दूध कोणी घातले. बहिष्काराचा पहिला घाव तिच्याच कामावर पडतो आणि त्याचा हिशेब तिच्याच डोक्यात असतो.

आज बावड्यात राहणाऱ्या कोणाकडे बोट दाखवण्यासाठी हे सांगत नाही. १९७२ साली तिथे जे घडले ते महाराष्ट्रातल्या अनेक गावांत घडत होते. बावड्याचे नाव कागदावर आले, इतकेच. त्या वर्षी जी सून विशीत होती, तिने आता सत्तरी ओलांडली आहे. बहिष्कार सोसणाऱ्या घरांतल्या बायका आहेत, तशा बहिष्कार पाळणाऱ्या घरांतल्याही आहेत. त्यांतल्या कोणी रात्रीच्या वेळी मागल्या दाराने पीठ-मीठ दिले असेल तर तेही त्याच सांगू शकतील. बारामती आणि इंदापूरच्या महाविद्यालयांत समाजशास्त्र आणि इतिहास शिकणारी मुले दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. एक वही घेऊन त्यांनी या आजींच्या समोर बसावे. इतिहासाच्या पुस्तकातली बावड्याची ती एक ओळ पुरी करण्यासाठी आपल्या हातात फार वर्षे उरलेली नाहीत.