बँकांचे सामाजिक उत्तरदायित्व : दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बँकांचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भारतातील बँकांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची चर्चा बहुधा कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ पासून सुरू होते. १ एप्रिल २०१४ पासून अमलात आलेल्या या कलमाने ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक निव्वळ मूल्य, उलाढाल किंवा नफा असणाऱ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करण्याची जबाबदारी टाकली. मात्र या कायद्याच्या कितीतरी आधी देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका जिल्ह्यात समाजकार्य आणि बँकव्यवसाय यांची सांगड घातली गेली होती. प्रस्तुत लेखात दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बँकांच्या आधारे सामाजिक उत्तरदायित्वाच्या बदलत गेलेल्या अर्थाचा शोध घेतला आहे.

स्थापना आणि प्रेरणा

१९०६ हे वर्ष या जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वेळी हा प्रदेश मद्रास इलाख्यात मोडत होता. याच वर्षी उडुपी येथे हाजी अब्दुल्ला हाजी कासिम साहेब यांच्या पुढाकाराने पुढे कॉर्पोरेशन बँक म्हणून ओळखली गेलेली बँक स्थापन झाली, तर मंगळूर येथे अम्मेंबळ सुब्बाराव पै यांनी 'कॅनरा हिंदू पर्मनंट फंड' सुरू केला. १९१० मध्ये त्याचे कॅनरा बँकेत रूपांतर झाले. पै हे व्यवसायाने वकील होते आणि त्यांनी त्यापूर्वीच मंगळुरात शाळा काढली होती. अंधश्रद्धा व अज्ञान दूर करणे, शिक्षणाचा प्रसार करणे, काटकसरीची सवय लावणे आणि गरजूंना साहाय्य करणे ही उद्दिष्टे त्यांनी बँकेच्या संस्थापक तत्त्वांतच समाविष्ट केली. पुढे १९२४ मध्ये कर्नाटक बँक, १९२५ मध्ये सिंडिकेट बँक आणि १९३१ मध्ये विजया बँक याच जिल्ह्यात उदयास आल्या.

या संस्थांच्या प्रारंभीच्या 'समाजा'ची व्याप्ती मात्र मर्यादित होती. 'हिंदू पर्मनंट फंड' हे नावच त्याची साक्ष देते. जातीय व स्थानिक विश्वासाच्या बळावर भांडवल गोळा झाले, हे या बँकांचे सामर्थ्य होते आणि तीच त्यांची मर्यादाही होती. ही मर्यादा ओलांडण्याचे साधन दानधर्मातून नव्हे, तर व्यवसायाच्याच एका नव्या पद्धतीतून निर्माण झाले.

पिग्मी ठेव योजना

उडुपी येथे उपेंद्र अनंत पै, वामन कुडवा आणि डॉ. टी. एम. ए. पै यांनी अवघ्या ८,००० रुपयांच्या भांडवलावर सिंडिकेट बँकेची स्थापना केली. अडचणीत सापडलेल्या हातमाग विणकरांना अर्थसाहाय्य करणे हा त्यामागील हेतू होता. १९२८ मध्ये या बँकेने पिग्मी ठेव योजना सुरू केली. बँकेचा प्रतिनिधी दररोज ठेवीदाराच्या दारी जाऊन दोन आण्यांइतकी अल्प रक्कमही स्वीकारीत असे. ज्यांची मिळकत रोजची आणि तुटपुंजी होती, ज्यांना बँकेची पायरी चढण्याचा संकोच वाटत होता, अशा माणसांपर्यंत बँक स्वतः पोहोचली. ठेवीदाराला बचतीची शिस्त लागली आणि बँकेला कर्जवाटपासाठी निधी मिळाला. महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँका व पतसंस्थांमध्ये 'पिग्मी' हा शब्द आज इतका रूढ आहे की त्याचे मूळ उडुपीत आहे, याचे अनेकांना विस्मरण झाले आहे.

तथापि या योजनेलाही दुसरी बाजू आहे. तिचा संपूर्ण भार कमिशनवर काम करणाऱ्या ठेव संकलकांवर होता. ते बँकेचे कामगार ठरतात की स्वतंत्र अभिकर्ते, हा वाद अनेक वर्षे चालला. अखेर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना औद्योगिक विवाद कायद्याखालील कामगार मानले. समाजाच्या तळापर्यंत पोहोचण्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न या निकालाने अधोरेखित केला.

राष्ट्रीयीकरण आणि शासकीय धोरण

१९ जुलै १९६९ रोजी राष्ट्रीयीकरण झालेल्या १४ बँकांत कॅनरा व सिंडिकेट या बँकांचा समावेश होता. कॉर्पोरेशन व विजया बँकांचे राष्ट्रीयीकरण १९८० मध्ये झाले. १९६९ मध्येच डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय दृष्टिकोनाची शिफारस केली आणि त्यातून अग्रणी बँक योजना आकारास आली. पुढे अग्रक्रम क्षेत्रासाठी ४० टक्के कर्जपुरवठ्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. अशा प्रकारे एका जिल्ह्यातील स्वेच्छेची प्रथा राष्ट्रीय धोरणाचा भाग बनली. परंतु धोरणाबरोबर राजकारणही आले. १९८० च्या दशकात याच जिल्ह्यातून आलेले केंद्रीय अर्थ राज्यमंत्री जनार्दन पुजारी यांच्या काळात कर्ज मेळाव्यांनी गरिबांना बँकेपर्यंत आणले. पण परतफेडीच्या शिस्तीबाबत त्यांवर मोठी टीकाही झाली.

याच काळात एक वेगळा प्रयोग उभा राहिला. १९८२ मध्ये धर्मस्थळाची शिक्षणसंस्था, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी संयुक्तपणे उजिरे येथे 'रुडसेटी' ही स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था स्थापन केली. बेरोजगार ग्रामीण युवकांना विनामूल्य निवासी प्रशिक्षण, त्यानंतर बँककर्ज मिळविण्यासाठी साहाय्य आणि व्यवसाय स्थिरावेपर्यंत पाठपुरावा, असे तिचे स्वरूप आहे. कर्ज देण्यापूर्वी कर्जदाराची क्षमता घडविणे हा मेळाव्यांना दिलेला अप्रत्यक्ष पर्यायच होता. २००९ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने याच धर्तीवर प्रत्येक जिल्ह्यात बँकांमार्फत 'आरसेटी' स्थापन करण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्रातील जिल्ह्यांतही अशा संस्था कार्यरत आहेत.

कायदा आणि विसंगती

रिझर्व्ह बँकेने २० डिसेंबर २००७ च्या परिपत्रकाद्वारे सर्व अनुसूचित व्यापारी बँकांचे लक्ष सामाजिक उत्तरदायित्वाकडे वेधले. त्यानंतर आलेले कलम १३५ मात्र कंपनी कायद्याखालील बँकांनाच लागू होते. त्यामुळे खाजगी राहिलेली कर्नाटक बँक त्याच्या कक्षेत येते. स्वतंत्र कायद्याने घटित झालेली राष्ट्रीयीकृत कॅनरा बँक येत नाही. दुसरी विसंगती अधिक मूलगामी आहे. या कलमाखालील नियमांनुसार नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले कार्य सामाजिक उत्तरदायित्वात गणले जात नाही. म्हणजे विणकरांना कर्ज देणे किंवा दारोदारी दोन आणे गोळा करणे या कसोटीवर उतरणार नाही. शाळेला संगणक भेट देणे मात्र उतरेल.

निष्कर्ष

व्यवसाय आणि समाजकार्य यांत भेद करण्यामागे कायद्याचे कारण समजण्यासारखे आहे. अन्यथा नफ्याच्या कोणत्याही कामाला समाजसेवेचे नाव देता आले असते. परंतु बँक ही इतर कंपन्यांसारखी नाही. कर्ज कोणाला द्यावे, शाखा कोठे उघडावी आणि ठेव कोणाकडून स्वीकारावी, या निर्णयांतच तिचा समाजावरील सर्वांत मोठा प्रभाव सामावलेला असतो. २०१९ मध्ये विजया बँकेचे बँक ऑफ बडोदात, तर १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँकेचे कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँकेचे युनियन बँकेत विलीनीकरण झाले. या जिल्ह्याने घडविलेल्या पाचपैकी तीन बँकांची नावे आता इतिहासजमा झाली आहेत. त्यांचा वारसा मात्र एक कसोटी मागे ठेवून जातो. बँकेचे सामाजिक उत्तरदायित्व नफ्यातील २ टक्क्यांवरून जोखण्यापूर्वी उरलेला व्यवसाय कोणासाठी चालतो, हे तपासणे आवश्यक आहे.